तांब्याची तार, प्लायवुड आणि इपॉक्सी : घरी बांधल्या जाणाऱ्या होडीची पार्श्वभूमी

आठ बाय चारचे प्लायवुडचे तीन-चार तक्ते, तांब्याच्या तारेचे भेंडोळे, काचेच्या धाग्यांच्या कापडाच्या पट्ट्या आणि इपॉक्सीचे, म्हणजे दोन द्रव मिसळले की घट्ट होणाऱ्या चिकटद्रव्याचे, डबे एवढ्या सामानावर, सुतारकामाची बेताची जाण असलेला माणूसही आज घराच्या पडवीत दोघांना मासेमारीला पुरेल अशी छोटी होडी बांधू शकतो. याचे श्रेय सहसा प्लायवुडला दिले जाते. माझ्या मते ते मुख्यतः चिकटद्रव्याचे आहे. या होडीचा इतिहास उलगडत गेले की प्रत्येक टप्प्यावर लाकूड जवळपास तेच राहिलेले आणि त्याला धरून ठेवणारा पदार्थ तेवढा बदललेला दिसतो.

फळ्यांची होडी बांधण्याची जी रीत जगभर रूढ होती, तिच्यात आधी तळाचा कणा घातला जाई, मग त्यावर वाकड्या लाकडांचा सांगाडा उभा राही आणि शेवटी त्या सांगाड्यावर एकेक फळी बेतून खिळ्यांनी ठोकली जाई. फटींत कापूस किंवा तागाचे तंतू ठासून वर राळ भरली जाई. होडीची ताकद सांगाड्यात असे, आणि तो सांगाडा डोळ्याच्या अंदाजाने उभा करणारे सुतार वर्षानुवर्षांच्या उमेदवारीतून तयार होत. हौशी माणसाला या कामात शिरकाव नव्हता तो याच कारणाने.

अरबी समुद्राच्या दोन्ही काठांवर मात्र दुसरीही एक रीत होती. तेथे फळ्या कडेला कड लावून नारळाच्या काथ्याने शिवत आणि कवच उभे राहिल्यावर मग आतून आधार बसवीत. तेराव्या शतकात मार्को पोलोने होर्मुझच्या बंदरात अशी शिवलेली जहाजे पाहून त्यांचे वर्णन करून ठेवले आहे. अजिंठ्याच्या चित्रातील जहाजाचा आधार घेऊन, केरळचे कारागीर बाबू शंकरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच पद्धतीने गोव्यात शिवलेले ‘कौंडिण्य’ हे जहाज मे २०२५ मध्ये कारवार येथे भारतीय नौदलात दाखल झाले. या जुन्या शिवणकामाचा आणि आजच्या, तारेने शिवून चिकटवलेल्या प्लायवुडच्या होडीचा सरळ वारसा सांगता येईल असे मी म्हणणार नाही. परंतु आधी कवच, मागाहून आधार हा क्रम दोन्हींत एकच आहे, आणि घरगुती होडीबांधणी शक्य झाली ती याच क्रमामुळे.

प्लायवुडचा जन्म तसा लवकरचा. पातळ पापुद्रे एकमेकांवर आडवे-उभे चिकटवून तक्ता करण्याचे पेटंट अमेरिकेत १८६५ मध्ये जॉन मेयो यांना मिळाले, आणि १९०५ च्या पोर्टलँड येथील प्रदर्शनात एका स्थानिक कारखान्याने तेथील सूचिपर्णी लाकडाचे तक्ते लोकांसमोर मांडले. त्यानंतर दारे, ट्रंका, मोटारींच्या फूटपाट्या यांसाठी प्लायवुड खपू लागले. पाण्यात मात्र ते टिकेना. त्या काळची चिकटद्रव्ये जनावरांच्या हाडाकातड्यांपासून, रक्तापासून, सोयाबीनपासून किंवा दुधातल्या केसीनपासून केलेली असत आणि सतत ओलावा लागला की पापुद्रे सुटत. १९३४ मध्ये वॉशिंग्टन राज्यातील हार्बर प्लायवुड या कंपनीचे रसायनशास्त्रज्ञ जेम्स नेव्हिन यांनी पूर्णपणे जलरोधक चिकटद्रव्य तयार केले, आणि प्लायवुडची होडी ही कल्पना तेव्हापासून गांभीर्याने घेतली जाऊ लागली.

चिकटद्रव्य कच्चे असेल तर काय होते याचा एक धडा भारताच्याच हवेत मिळाला. दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिशांचे ‘मॉस्किटो’ हे विमान बर्च लाकडाचे प्लाय आणि बाल्सा यांचे केलेले होते. १९४४ मध्ये भारत आणि ब्रह्मदेशाच्या आघाडीवर यांतील काही विमानांचे पंख हवेतच मोडले. चौकशीत दमट उष्ण हवेबरोबरच कारखान्यातील सदोष चिकटकामाकडेही बोट दाखवले गेले. कोकणात किंवा गोव्यात होडी बांधणाऱ्याने हे प्रकरण ध्यानात ठेवावे असे मला वाटते, कारण आपली हवा तीच आहे.

युद्धानंतर ब्रिटनमध्ये जलरोधक प्लायवुड सहज मिळू लागले आणि ते घरी वापरण्याची युक्ती केन लिटलडाइक या लाकूडकामाच्या शिक्षकाने छोट्या कनूंसाठी, म्हणजे वल्ह्याच्या अरुंद होड्यांसाठी, बसवली. पुढे बीबीसीवरून घरगुती दुरुस्तीचे कार्यक्रम करणारे बॅरी बकनेल यांनी तीच युक्ती शिडाच्या छोट्या होडीसाठी उचलली. अनुभवी आरेखक जॅक होल्ट त्यांच्या जोडीला होते आणि ‘डेली मिरर’ या वृत्तपत्राने पाठबळ दिले. ‘मिरर’ याच नावाची ही ३.३ मीटरची, लाल शिडाची होडी १९६३ च्या लंडन बोट शोमध्ये आली. सुट्या भागांच्या संचाची किंमत ६३ पौंड ११ शिलिंग होती. पुढील काळात या होड्यांची संख्या सत्तर हजारांवर गेली.

युक्ती अशी : तक्ते आकारात कापायचे, कडेपासून थोड्या अंतरावर बारीक भोके पाडायची, समोरासमोरच्या भोकांतून तांब्याच्या तारेचे तुकडे ओवून हलके पिळायचे. सगळ्या तारा ओवून झाल्या की पकडीने एकेक पीळ आवळत जायचे, आणि आतापर्यंत सपाट असलेला तक्ता कडेच्या ओढीने आपोआप बाक घेतो. सांगाड्याने जो आकार द्यायचा तो कापलेल्या कडेतच दडलेला असतो. सांध्यावर आतून-बाहेरून काचेच्या कापडाची पट्टी रेझिनने, म्हणजे सुकून कडक होणाऱ्या चिकट द्रवाने, बसवली की तारेचे काम संपते.

‘मिरर’साठी वापरलेले रेझिन पॉलिएस्टरचे होते. ते स्वस्त पडते. पण सुकताना आकसते आणि लाकडाला मनापासून धरत नाही. ही उणीव इपॉक्सीने भरून काढली. स्वित्झर्लंडचे पिएर कास्तां १९३० च्या दशकात दातांच्या कामासाठी नवे रेझिन शोधताना या रसायनापर्यंत पोहोचले, तर अमेरिकेत सिल्व्हन ग्रीनली यांनी १९४० च्या दशकात स्वतंत्रपणे त्यावर काम केले. सिबा कंपनीने १९४६ मध्ये बासेलच्या जत्रेत ते ‘अराल्डाइट’ या नावाने मांडले. आपल्याकडे घराघरात माहीत असलेली दोन नळ्यांची जोडी याच कुळातली.

होडीच्या कामात इपॉक्सीला खरे स्थान मिळवून दिले ते मिशिगनमधील बे सिटीच्या मीड, जॅन आणि जोएल या गूजन बंधूंनी. बर्फावरून घसरणाऱ्या शिडाच्या गाड्या बांधताना त्यांनी इपॉक्सी हाताळले होते. १९७० मध्ये मीड यांनी ‘अडाजिओ’ ही तीन कवचांची होडी इपॉक्सीने जोडून आणि सर्व बाजूंनी इपॉक्सीचाच हात देऊन बांधली, आणि नंतरच्या वर्षांत हे बंधू स्वतःचे रेझिन ‘वेस्ट सिस्टिम’ या नावाने विकू लागले. जुन्या चिकटद्रव्यांना घट्ट बसणारा सांधा आणि भक्कम दाब लागे; इपॉक्सीत लाकडाचे पीठ कालवून लांबी, म्हणजे फटी भरायचा लगदा, केला की दोन-तीन मिलिमीटरची फटही ताकदीने भरून निघते. ज्याचा हात अजून बसलेला नाही अशा माणसासाठी याहून मोठी सोय कोणती? मात्र रेझिन आणि ते घट्ट करणारा दुसरा द्रव, म्हणजे हार्डनर, यांचे प्रमाण उत्पादकाने सांगितले तेच ठेवावे लागते. हार्डनर जास्त घातल्याने काम लवकर होते हा गैरसमज आहे. त्याने सांधा कच्चाच राहतो.

भारतात या पद्धतीने हौसेसाठी नव्हे तर पोटासाठी मूळ धरले, तेही कन्याकुमारी जिल्ह्यातील मुट्टम येथे. तेथील मच्छीमार हलक्या लाकडाचे ओंडके बांधून केलेल्या कट्टुमरमवर समुद्रात जात. पण तसे जाड ओंडके मिळेनासे झाले. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीस बेल्जियमचे पिएर जिले यांनी ब्रिटनच्या इंटरमीडिएट टेक्नॉलॉजी डेव्हलपमेंट ग्रुपच्या साहाय्याने, लाटा फुटतात त्या पुळणीवरून लोटता येतील अशा शिवून चिकटवलेल्या प्लायवुडच्या होड्या तेथे बांधायला सुरुवात केली. मच्छीमारांनी आपल्या सवयीप्रमाणे त्यांत बदल सुचवले आणि पुढे दक्षिण भारतीय मच्छीमार सहकारी महासंघाच्या, म्हणजे ‘सिफ्स’च्या, कारखान्यांतून त्या नियमित बांधल्या जाऊ लागल्या. मागे इंजिन लावता येणे हा त्यांचा मोठा फायदा ठरला. या होड्यांविषयी आपल्या किनाऱ्यावर फार कमी बोलले जाते याची मला खंत वाटते.

२००४ च्या त्सुनामीनंतर मदतीच्या ओघात फायबरच्या होड्यांचा सुळसुळाट झाला आणि व्यावसायिक कारखाने तिकडेच वळले. फायबरसाठी आधी साचा लागतो, आणि साच्याचा खर्च अनेक होड्या निघाल्या तरच वसूल होतो. ज्याला एकच होडी हवी आहे त्याच्यासाठी प्लायवुड आणि इपॉक्सी हाच मार्ग आजही परवडणारा आहे, फक्त तक्ता मरीन प्लायवुडचा, म्हणजे आयएस ७१० या मानकाचा, असायला हवा. या मानकात नमुना ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून पापुद्रे सुटतात का ते पाहिले जाते. शिक्क्यावर हा क्रमांक नसेल, तर दुकानदार कितीही खात्री देवो, तो तक्ता फर्निचरसाठी ठेवावा.