निवडणूक कर्मचाऱ्यांना छळापासून कायदेशीर संरक्षण

मतदारयादी तयार करणे, मतदान घेणे, मते मोजणे आणि निकाल प्रमाणित करणे ही कामे करणाऱ्यांना धमकी, दमदाटी, पाठलाग, बदनामी व मारहाण यांपासून वाचवणाऱ्या फौजदारी आणि दिवाणी तरतुदी. निवडणुकीचे जुने कायदे मुख्यतः मतदाराला आणि मतपेटीला जपत. पेटीमागे बसलेला माणूस त्यांत ओघाने येई. त्याचा स्वतंत्र विचार अलीकडचा आहे. त्रास देणारे मतदान केंद्र सोडून त्याच्या घरापर्यंत आणि फोनपर्यंत पोचले, तेव्हा तो सुरू झाला.

भारतातील तरतुदी मतदान केंद्राभोवती बांधलेल्या आहेत. मतदारयादी ठेवण्याचा किंवा निवडणूक घेण्याचा अधिकार ज्याला पदामुळे मिळतो, तो भारतीय न्याय संहितेनुसार लोकसेवक असतो. त्याला कर्तव्यापासून रोखण्यासाठी अंगावर हात टाकल्यास कलम १३२ खाली दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ मधील कलम १३१ केंद्रात किंवा दाराशी आरडाओरडा करून कामात व्यत्यय आणणाऱ्यासाठी आहे. एरवी वर्गात खडू घेऊन उभे राहणारे गुरुजी केंद्राध्यक्ष झाले, की याच कलमाने पोलिसाला अटकेचा आदेश देऊ शकतात आणि पोलिसाला तो पाळावाच लागतो. केंद्र बळकावण्याचा गुन्हा (कलम १३५-अ) १९८९ मध्ये कायद्यात आला. त्यासाठी आज किमान एक आणि कमाल तीन वर्षे कैद आहे. कर्मचाऱ्यांना निवडणूक आयोगाकडे प्रतिनियुक्तीवर मानणारे कलम २८-अ अधिसूचनेपासून निकालापर्यंत लागू असते. पण पराभूतांचा राग बहुधा निकालानंतरच उफाळतो.

अमेरिकेत हे २०२० च्या अध्यक्षीय निवडणुकीनंतर उघड झाले. जॉर्जिया राज्यातील फुल्टन काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) मते मोजणाऱ्या एका मायलेकींची चित्रफीत दाखवून पराभूत डोनाल्ड ट्रम्प यांचे वकील रुडी जुलियानी यांनी आरोप केला, की त्या हातोहात यूएसबी ड्राइव्ह फिरवत होत्या. आईने लेकीला दिली होती ती आल्याची गोळी, असे लेकीने २०२२ मध्ये संसदीय समितीपुढे सांगितले. तोवर धमक्यांचा पाऊस पडून गेला होता. आजीच्या घरात लोक घुसू पाहत होते आणि आईला एफबीआयच्या सल्ल्याने सुमारे दोन महिने घर सोडावे लागले होते. पुढे बदनामीच्या दाव्यात ज्यूरीने डिसेंबर २०२३ मध्ये सुमारे १४.८ कोटी डॉलरची भरपाई ठरवली आणि जानेवारी २०२५ मध्ये तडजोड झाली. दिवाणी कायद्याची ताकद या खटल्यात दिसते, पण हा मार्ग खर्चिक आणि लांबचा आहे.

फौजदारी बाजूला १९६८ च्या नागरी हक्क कायद्याने मतदारांबरोबर निवडणूक अधिकाऱ्यांनाही बळजबरीपासून संरक्षण दिले होतेच. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पाठवलेली धमकी हाही संघीय गुन्हा आहे. न्याय खात्याने २०२१ मध्ये खास कार्यदल नेमले. पहिल्या वर्षभरात त्याने हजारांहून अधिक तक्रारी तपासल्या. त्यांपैकी सुमारे ११ टक्केच संघीय गुन्हेगारी तपासाच्या निकषात बसल्या. बाकीच्या निरुपद्रवी होत्या असे नाही. ‘तुला लाज वाटली पाहिजे’ किंवा ‘देव बघून घेईल’ असा निरोप रोज फोनवर ऐकणाऱ्याची झोप उडते, पण कायद्याच्या लेखी ते बहुधा मतप्रदर्शनच ठरते. शिवाय ‘काउंटरमन विरुद्ध कोलोरॅडो’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये म्हटले, की आपले शब्द धमकी वाटतील हा धोका ओळखूनही बोलणाऱ्याने बेफिकिरी केली, एवढे तरी सरकार पक्षाने सिद्ध केले पाहिजे. खटला निवडणुकीचा नव्हता, एका गायिकेला आलेल्या फेसबुक संदेशांचा होता. निकष मात्र इथेही तोच.

म्हणून राज्यांनी वेगळी वाट धरली. कोलोरॅडो, ओरेगन आणि मेन यांनी २०२२ मध्ये, नेवाडाने २०२३ मध्ये निवडणूक कर्मचाऱ्यांसाठी स्वतंत्र तरतुदी केल्या. नेवाडात कामात अडथळा आणण्याच्या किंवा सूड उगवण्याच्या हेतूने दिलेली धमकी गंभीर गुन्हा ठरते आणि चार वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. यांतल्या काही कायद्यांचा खरा उपयोग पत्ता लपवण्यात आहे: घराचा पत्ता सार्वजनिक नोंदींतून काढून घेता येतो, किंवा त्रास देण्यासाठी तो इंटरनेटवर टाकणे गुन्हा ठरते. कॅलिफोर्नियाने त्यासाठी मूळची कौटुंबिक हिंसेतून सुटलेल्यांची ‘सेफ ॲट होम’ योजना निवडणूक कर्मचाऱ्यांना खुली केली. छोट्या काउंटीत मात्र क्लार्कचे, म्हणजे निवडणूक सांभाळणाऱ्या स्थानिक अधिकाऱ्याचे, घर सगळ्यांना ठाऊक असते, तिथे नोंद पुसून फारसे साधत नाही. मेनच्या कायद्यात शिक्षेसोबत चिडलेल्या माणसाला शांत कसे करावे याचे प्रशिक्षणही आहे.

ब्रिटनच्या २०२२ च्या कायद्याने उमेदवार, प्रचारक आणि लोकप्रतिनिधी यांना धमकावणाऱ्याला पाच वर्षे निवडणूक लढवण्यास अपात्र ठरवण्याची सोय केली. त्या मूळ यादीत मते मोजणारे नव्हते.