टेलच्या शेतकऱ्याची ओरड

आमच्या वडगावच्या गल्लीत एक मामा आहेत, उभा जन्म मागावर गेलेला. परवा त्यांनी रक्ताचा रिपोर्ट हातात ठेवला. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने गाळून बाहेर टाकायचा रक्तातला कचरा, १.२ वरून १.४. "बीपीची गोळी चालू केलो आणि महिन्यात किडनी जाऊलीय गा. बंदच केलो." बेळगावपासून निपाणीपर्यंत हे इतक्यांच्या तोंडून ऐकलंय की आता लिहायलाच बसलो. रिपोर्ट बरोबर आहे, काढलेला अर्थ उलटा.

१८९८ साली स्टॉकहोममध्ये टिगरस्टेट आणि त्यांचा विद्यार्थी बर्गमन यांनी किडनीचा अर्क सशांना टोचला. रक्तदाब चढला. त्या पदार्थाला त्यांनी रेनिन म्हटले, आणि पुढे कित्येक वर्षे कुणी त्याकडे फिरकले नाही. मग क्लीव्हलँडचे हॅरी गोल्डब्लाट आले. बीपीने गेलेल्यांच्या किडनीतल्या रक्तवाहिन्या त्यांना शवविच्छेदनात अरुंद दिसत. बीपीमुळे त्या तशा होतात, असे सगळे मानत. गोल्डब्लाटना वाटले, गाडी उलट्या दिशेने तर धावत नसेल? त्यांनी कुत्र्यांच्या किडनीच्या धमनीवर चांदीची छोटी चिमटी बसवून ती आवळली. बीपी चढले. हे १९३४ सालचे काम.

हिडकलच्या कालव्यावर टेलला, म्हणजे अगदी शेवटच्या टोकाला, शेत असलेल्याला हे लगेच कळेल. पाणी पोचत नाही. मध्ये कुणी अडवलेय, हे त्याला दिसत नाही. धरणातूनच कमी सोडलेय म्हणून तो ओरडतो. चिमटीमागच्या किडनीलाही सगळ्या अंगाचाच दाब उतरल्यासारखा वाटतो. तिची ओरड म्हणजे रेनिन.

रेनिन स्वतः काही आवळत नाही. यकृतातून आलेल्या प्रथिनातून ते दहा अमिनो आम्लांचा तुकडा तोडते. त्यातली दोन एसीई नावाचे विकर छाटते, मुख्यतः फुप्फुसात. उरलेला आठांचा तुकडा म्हणजे अँजिओटेन्सिन-२, खरा गडी हाच. रक्तवाहिन्या आवळतो आणि अल्डोस्टेरॉन या संप्रेरकाकरवी मीठ-पाणी अंगात धरून ठेवतो.

आता माझी आवडती जागा, जरा सावकाश वाचा. एकेका किडनीत सुमारे दहा लाख गाळण्या असतात. गाळणी म्हणजे केसासारख्या रक्तवाहिन्यांचा गुंता. त्यात एक नळी रक्त आणते, दुसरी बाहेर नेते, आणि दोन्ही आवळता येतात. अँजिओटेन्सिन-२ बाहेरची नळी जास्त आवळतो. मग गुंत्यातला दाब टिकतो आणि गाळणे चालू राहते. जुलाबाने अंगातले पाणी आटले, तर याच युक्तीवर किडनी तगते. पण वर्षानुवर्षे हाच दाब राहिला तर गाळणी झिजते, प्रथिने गळतात, लघवीला फेस येतो.

मामांची बीपीची गोळी एसीईला अडवणाऱ्या जातीची. अशी गोळी बाहेरची नळी सैल करते. कॅप्टोप्रिल ही त्यातली पहिली, ब्राझीलच्या जराराका सापाच्या विषाचा माग काढत सापडलेली. अमेरिकेत १९८१ साली मान्यता मिळाली. नळी सैल झाली की गुंत्यातला दाब उतरतो, गाळणे किंचित कमी होते आणि क्रिएटिनिन थोडे चढते. सुरुवातीला तीस टक्क्यांपर्यंत चढले तरी डॉक्टर सहसा गोळी चालूच ठेवतात. मामांचे सतरा टक्के. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत किडनीला बाधा झालेले ४०९ मधुमेही होते. पोकळ, म्हणजे औषध नसलेल्या, गोळीवरच्या २०२ जणांपैकी ४३ जणांचे क्रिएटिनिन दुप्पट झाले, कॅप्टोप्रिलवरच्या २०७ पैकी २५ जणांचे.

अपवाद आहे. दोन्ही किडन्यांच्या धमन्या आधीच अरुंद असतील, म्हणजे गोल्डब्लाटची चिमटी दोन्हीकडे बसलेली असेल, तर ही गोळी गाळणेच थांबवू शकते. रक्तातले पोटॅशियमही चढू शकते. म्हणून काही आठवड्यांत रक्त पुन्हा तपासतात. मामांनी ते तपासले आणि स्वतःच निकाल लावला.

व्हॉट्सअॅपवर 'किडनी साफ करणारा काढा' फिरतोय, तोही मामांकडे आहे. दिवसाला १८० लिटर गाळणाऱ्या, म्हणजे अंगातला सगळा रक्तद्रव साठेक वेळा चाळून काढणाऱ्या अवयवाला कोथिंबिरीचे पाणी काय साफ करणार!

निघताना विचारले, दुसरी कुठली गोळी? नाही म्हणाले. मामींनी फळीवरून पुडी काढून दिली. पाठदुखीची, मेडिकलमधून आणलेली, दोन वर्षे रोज दोन. "ती का? ती पाठीची हो."

ती आत येणारी नळी आवळते. पुडी आणि रिपोर्ट दोन्ही घेऊन सोमवारी डॉक्टरकडे जायचे ठरले आहे.