ऑटोमोबाइल, ऑटोमोटिव्ह की मोटरस्पोर्ट : नाशिकमधून बघितलेली पार्श्वभूमी

दरवर्षी इंजिनिअरिंग प्रवेशाच्या कॅप राउंडचे फॉर्म सुरू झाले की नाशिकमधली दोन-चार पोरं तरी विचारतात की मोटरस्पोर्ट इंजिनिअरिंगची ब्रांच कुठल्या कॉलेजला आहे. मी सरळ सांगतो, त्या नावाची ब्रांच फॉर्मवर शोधत बसू नका, ऑटोमोबाइल किंवा मेकॅनिकल घ्या आणि त्या कॉलेजची गाडी बनवून स्पर्धेत उतरणारी टीम कशी आहे, वर्कशॉप रात्री उघडं असतं का ते बघा. पण असं का आहे याचा इतिहास कुणी सांगत नाही म्हणून हे लिहितोय.

फार मागचं थोडक्यात. ऑटोमोबाइल हा वेगळा विषय म्हणून शिकवायला आपल्या देशात स्वातंत्र्यानंतर लगेच सुरुवात झाली, १९४९ साली चेन्नईजवळ क्रोमपेटला जी संस्था निघाली तिथे विमान, इलेक्ट्रॉनिक्स यांच्या जोडीने ऑटोमोबाइलही होतं. महाराष्ट्रात मात्र बरीच वर्षं हा विषय आयटीआयचा मोटर मेकॅनिक आणि डिझेल मेकॅनिक ट्रेड आणि डिप्लोमा यातच राहिला. १९८३ ला राज्याने विनाअनुदानित कॉलेजं काढू दिली, नाशिकलाही त्यानंतर खासगी इंजिनिअरिंग कॉलेजं आली आणि डिग्री घरापासून बसच्या अंतरावर आली. तोपर्यंत सातपूर एमआयडीसी चांगलीच बसलेली होती, डिझेल इंजेक्शनचे नोझल बनवणारी मायको (आता कंपनीचं नाव बदललंय पण सर्कल अजून मायकोच), टायर, आणि गाड्यांचा मोठा कारखाना, जिथून २००२ ला स्कॉर्पिओ बाहेर पडली.

ही सातपूरची गोष्ट महत्त्वाची आहे, कारण ब्रांचची नावं दाराशी काय उद्योग आहे त्यावरून पडतात. इंग्लंडमध्ये मोटरस्पोर्ट इंजिनिअरिंग नावाची डिग्री निघू शकली कारण सिल्व्हरस्टोनच्या जुन्या विमानतळावर १९५० ला फॉर्म्युला वनच्या पहिल्या वर्ल्ड चॅम्पियनशिपची पहिली रेस झाली आणि पुढे टीमचे कारखाने त्याच पट्ट्यात वाढले, ब्रॅक्ली, मिल्टन कीन्स, एन्स्टन. तिथल्या पोराला इंटर्नशिपला रेस टीम मिळते. आपल्या पोराला बोलेरोची असेंब्ली लाइन किंवा नोझलचा टेस्ट बेंच मिळतो, आणि ते कमी आहे असं मला कधीच वाटलं नाही. एका नोझलच्या भोकाचं माप मायक्रॉनमध्ये का सांभाळतात हे ज्याला कळलं त्याला इंजिन कळलं. राष्ट्रीय रॅलीची एक फेरीही एकेकाळी नाशिकला व्हायची, घाटरस्त्यावर धूळ उडवत गाड्या जायच्या, पण ती बघायची गोष्ट होती, अभ्यासक्रमात तिचा काही संबंध नव्हता.

अभ्यासात रेसिंग आलं ते स्पर्धांच्या मागच्या दाराने. अमेरिकेत १९७६ ला साउथ कॅरोलायनामध्ये विद्यार्थ्यांनी बनवलेल्या ऑफ-रोड गाड्यांची बाहा सुरू झाली, १९८१ ला टेक्सासमध्ये फॉर्म्युला, म्हणजे एका सीटच्या छोट्या रेस गाड्यांची स्पर्धा. १९९८ ला हीच कल्पना इंग्लंडमध्ये फॉर्म्युला स्टुडंट म्हणून गेली, २००६ ला जर्मनीत. आपल्याकडे २००७ ला इंदूरजवळ पिथमपूरला पहिली बाहा झाली आणि मग २०११ ला सुप्रा, म्हणजे फॉर्म्युलाचीच आपल्याकडची स्पर्धा. त्याच वर्षी ग्रेटर नोएडाचं सर्किट उघडलं, २०११, १२, १३ अशी तीन वर्षं फॉर्म्युला वन आली आणि गेली. उत्तर प्रदेश सरकारने हे खेळ नाही मनोरंजन आहे म्हणून कर लावला तो वाद तेव्हा सगळ्यांनी वाचला असेल. ज्या वयात आम्ही टीव्हीवर ती रेस बघून हे क्षेत्र निवडलं त्याच वयात ते बंदही पडलं. पण कॉलेजच्या टीम टिकल्या, उलट वाढल्या, आणि माझ्या मते आपल्याकडचं मोटरस्पोर्ट शिक्षण म्हणजे खरं तर २००७ नंतरच्या या टीमच आहेत.

बाहामध्ये सगळ्या टीमना एकच इंजिन, साधारण १० हॉर्सपॉवरचं. म्हणजे पैशाने ताकद विकत घेता येत नाही, वजन आणि सस्पेन्शन यावरच खेळ. नाशिकमध्ये तेव्हा जवळपास सगळ्यांच्या गाडीत अल्फा टेम्पोचा गिअरबॉक्स असायचा, कारण तो मिळायचा, स्वस्त होता, रिव्हर्स त्यातच होता आणि बिघडला तर दुरुस्त करणारा गल्लीत सापडायचा. जड होता खूप, पण ट्रॅकवर चार तासांची एन्ड्युरन्स, म्हणजे गाडी किती टिकते बघणारी रेस असते आणि हजारातले चारशे मार्क तिथे असतात, तिथे हलका पण फुटणारा गिअरबॉक्स घेऊन काय करणार.

रोल केजचं, म्हणजे ड्रायव्हरभोवतीच्या पाइपच्या सांगाड्याचं एक सांगतो म्हणजे हे शिक्षण कसलं होतं ते कळेल. पाइप एक इंच बाहेरचा व्यास, तीन मिलीमीटर जाडी, १०१८ स्टील. एक गोल पाइप दुसऱ्या गोल पाइपवर तिरका बसवायचा तर त्याच्या तोंडाला माशाच्या तोंडासारखा खाचा द्यावा लागतो. आम्ही कॉम्प्युटरवर तो आकार उलगडून साध्या कागदावर एकास एक प्रिंट काढायचो, कागद पाइपला गुंडाळायचा, खडूने रेघ, ग्राइंडरने जाडसर कापायचं आणि मग हाफ राउंड कानस घेऊन बसायचं. मधे नखाएवढी फट राहिली तरी अंबडचा वेल्डर पाइप परत द्यायचा, म्हणायचा, भरून देईन पण तुझ्या जिवाची जबाबदारी घेणार नाही, जा नीट घासून आण. रात्री अकराला परत घासायचा. मशीन ड्रॉइंगच्या पेपरात टॉलरन्सवर (मापात किती फरक चालतो त्यावर) मार्क मिळाले होते पण टॉलरन्स म्हणजे काय ते त्या कानशीने शिकवलं. पहिल्या वर्षी आमची गाडी ब्रेक टेस्टला अडकली, चारही चाकं एकदम लॉक व्हायला पाहिजेत आणि मागची फिरत राहायची. लाइनमध्ये हवा राहिली होती. दोघांनी मिळून तीन वेळा ब्लीड करून हवा काढली, पुढच्या-मागच्या ब्रेकमध्ये जोर वाटणारा बायस बार थोडा मागे घेतला आणि चौथ्या फेरीला चार काळ्या रेषा उमटल्या.

आता खरा गुंता, ज्यावर पालक सगळ्यात जास्त विचारतात : नाव. डिग्रीवर ऑटोमोबाइल, ऑटोमोटिव्ह की मोटरस्पोर्ट, फरक काय पडतो? शिकण्यात फारसा नाही. पुणे विद्यापीठाच्या २०१५ च्या पॅटर्नमध्ये (अभ्यासक्रमात) तर मेकॅनिकल आणि ऑटोमोबाइलचं दुसरं वर्ष एकच होतं. फरक पडतो सरकारी कागदात. आरटीओमध्ये मोटार वाहन निरीक्षक व्हायचं तर केंद्राची १९८९ सालची अधिसूचना लागू होते, आणि तिच्यात तीन वर्षांचा डिप्लोमा ऑटोमोबाइलचा किंवा मेकॅनिकलचा असं स्पष्ट लिहिलंय. ती लिहिली तेव्हा आपल्याकडे ऑटोमोटिव्ह टेक्नॉलॉजी वगैरे नावं चलनातच नव्हती. २०१४ पासून बी.व्होक., म्हणजे व्यवसाय शिक्षणाची डिग्री आली, आर्ट्स-सायन्स कॉलेजांतही गाड्यांचे कोर्स सुरू झाले, एक वर्षाला डिप्लोमा, दोनला अॅडव्हान्स्ड डिप्लोमा, तीनला डिग्री. कोर्स चांगले आहेत, हात चालतात पोरांचे, पण अधिसूचनेतल्या त्या दोन शब्दांशी कागद जुळतो का हे प्रवेश घेताना त्यांना कुणी सांगत नाही. जाहिरात निघाली की मग समतुल्यता शोधत फिरतात. कोर्सला नाव देणाऱ्यांनी हे आधी बघायला हवं होतं, हे मी ठामपणे म्हणतो.

त्याच अधिसूचनेत दुसरी अट आहे, एक वर्ष चांगल्या वर्कशॉपमध्ये काम, जिथे हलकी आणि जड अशी दोन्ही वाहनं दुरुस्त होतात, आणि वर जड वाहनाचं लायसन्स. महाराष्ट्रात २०१७ च्या भरतीच्या वेळी यात सूट दिली गेली, अनुभव आणि लायसन्स नोकरीत लागल्यावर पूर्ण करा म्हणून. त्यावर नागपूर खंडपीठात केस झाली, २०१८ ला निवड झालेल्यांच्या नेमणुका अडकल्या, प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. सूट द्यायच्या बाजूने म्हणणं होतं की वीस-बावीस वर्षांच्या पोराला जड वाहनाचं लायसन्स कुठून मिळणार. विरोधात म्हणणं होतं की ज्याने ट्रकखाली कधी झोपून बघितलं नाही तो फिटनेस कसला तपासणार. मला दुसरं म्हणणं पटतं. नाशिकमध्ये ज्यांना हे जमवायचं होतं त्यांनी आडगावच्या ट्रक टर्मिनसकडे वर्षभर गॅरेजला हजेरी लावली होतीच, त्यांच्यावर सूट म्हणजे अन्याय होता. फक्त एक मात्र आहे, कॉलेजच्या टीममध्ये दोन-दोन वर्षं गाडी बनवण्यात घातलेल्या पोराचे तास कुठेच धरले जात नाहीत, ना अनुभवात ना मार्कशीटवर. अट ठेवा पण ते तास मोजा, एवढंच आमचं तेव्हाही म्हणणं होतं आणि आजही आहे.

गेल्या दहा वर्षांत गोष्टी भराभर बदलल्या आणि आता सगळं बोलणं त्याचंच असतं. फॉर्म्युलाच्या गाड्यांना चाकणला बनणारं ३७३ सीसीचं सिंगल सिलिंडर इंजिन मिळायला लागलं, हवा २० मिलीमीटरच्या भोकातूनच घ्यायची हा नियम असल्यामुळे मोठ्या इंजिनाचा फायदा तसाही आटतो. २०१५ ला ई-बाहा, म्हणजे इलेक्ट्रिक गाड्यांची बाहा आली. २०२० च्या एप्रिलला गाड्यांच्या धुराचे नियम बीएस-४ वरून मधली पायरी गाळून एकदम बीएस-६ झाले, आणि ज्या शहराची निम्मी ओळख डिझेलच्या नोझलवर उभी आहे तिथल्या कॉलेजात पोरं बॅटरी मॅनेजमेंटवर प्रोजेक्ट मागायला लागली. वर्कशॉपमध्ये कानशीच्या शेजारी आता इन्सुलेटेड हातमोजे टांगलेले असतात, हाय व्होल्टेजची लाइन केशरी केबलमध्ये, आणि गाडीला हात लावायच्या आधी मीटरने शून्य बघायचं हे फर्स्ट इयरच्या पोरांनाही पाठ असतं.

आणि अधिसूचनेतलं ते वर्कशॉप? तिच्या मूळ मजकुरात पेट्रोल आणि डिझेल इंजिनाच्याच गाड्या आहेत. मागच्या वर्षी टीममधल्या एका पोराने वर्षभर ई-रिक्षांच्या सर्व्हिस सेंटरला काम केलं, पत्र घेऊन माझ्याकडे आला की हे चालेल का. मी त्याला सांगितलं, सहा महिने अजून आडगावला जा, डिझेलचंही पत्र घेऊन ठेव. तो सोमवारपासून जायला लागला.