फायटो मिळाला म्हणजे रेसिड्यू पास झाला, असं नव्हे

युरोपात आपला माल अडकला की बातमी एका ओळीत संपते: माल नाकारला. पण नाकारण्याची मुख्य कारणं दोन असतात, कीड किंवा फवारलेल्या औषधाचा मालात उरलेला अंश, म्हणजे रेसिड्यू. ती एकमेकांत मिसळली की बागायतदार भलत्याच ठिकाणी पैसा घालतो.

आधी कीड. 1 मे 2014 पासून युरोपीय संघाने भारतीय आंब्यावर बंदी घातली. वांगी, कारली, पडवळ आणि अळूही त्यात होते. आदल्या वर्षी 207 खेपांमध्ये फळमाशी आणि इतर किडी सापडल्या होत्या. तो आंबा खाऊन कुणाला विषबाधा होणार नव्हती. भीती होती ती तिथल्या शेतीची. फळमाशीची मादी सालीखाली अंडी घालते. फळ वरून निर्मळ दिसतं आणि आत अळी गर खात असते. फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, म्हणजे आपला ‘फायटो’, हीच हमी देतो की मालात अशी कीड-रोग नाही. त्यावरचे उपायही तसेच: बागेत फळमाशी पकडणारे रक्षक सापळे, गळालेली फळं वेचून नष्ट करणं आणि पॅकहाऊसमध्ये 48 डिग्रीच्या पाण्यात 60 मिनिटं. जानेवारी 2015 मध्ये आंब्यावरची बंदी उठली.

रेसिड्यूचं दुखणं याहून कठीण, कारण ते डोळ्यांना दिसत नाही. 2010 मध्ये आपली द्राक्षं युरोपात अडकली ती क्लोरमेक्वाट क्लोराइडमुळे, ज्याला बागेत सगळे ‘सीसीसी’ म्हणतात. हे कीटकनाशक नव्हेच. खरड छाटणीनंतर, म्हणजे उन्हाळ्यातल्या छाटणीनंतर, शेंडावाढ रोखून काडीत घड धरावेत म्हणून ते मारलं जायचं. तेव्हा कुणाला वाटेल की द्राक्षं येईपर्यंत त्याचं काय उरणार? पण ते वेलीत टिकलं आणि मण्यांत उतरलं. आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत ते नव्हतंच, त्यामुळे रिपोर्ट स्वच्छ होते. युरोपची मर्यादा होती किलोमागे 0.05 मिलिग्रॅम, म्हणजे 20 टन द्राक्षांत 1 ग्रॅम. ज्यांनी कष्टाने माल पिकवला त्यांच्या हंगामाची माती झाली, आणि ज्यांनी सीसीसी मारलंच नव्हतं त्यांच्या पेट्यांकडेही संशयाने पाहिलं गेलं.

उकळत्या पाण्यात घातलं तरी वेलीने शोषलेलं औषध पॅकहाऊसमध्ये निघत नाही. कीड शेवटच्या टप्प्यावरही अडवता येते. रेसिड्यूचा निकाल छाटणीपासूनच लागत असतो. म्हणून ग्रेपनेटवर, म्हणजे निर्यातीच्या द्राक्षांचा माग ठेवणाऱ्या ऑनलाइन यंत्रणेवर, प्लॉटची नोंदणी, प्लॉटनिहाय नमुना आणि फवारणीची वही: तारीख, औषध, मात्रा, तोडणीपूर्व काळ (शेवटची फवारणी ते तोडणी यांतले दिवस). ही वही नंतर बसून भरणं मला फार धोक्याचं वाटतं.

एकावरचा उपाय दुसऱ्याचा अपाय ठरतो, तिथे तर जास्तच जपायला हवं. तोडणी तोंडावर आली असताना फळमाशी दिसली आणि घाईने फवारा मारला, तर फायटो मिळेलही, पण एमआरएल, म्हणजे रेसिड्यूची कमाल मर्यादा, ओलांडली जाऊ शकते.

घरच्या बाजारातल्या द्राक्षांनाही एफएसएसएआयच्या, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, मर्यादा आहेत. मात्र निर्यातीसारखी प्लॉटनिहाय तपासणी त्यांच्या वाट्याला येत नाही. ती आपल्या मुलांच्या ताटातल्या मालासाठीही व्हायला हवी, अगदी निर्यातीच्याच तपासणी यादीनुसार.