बच्चन-गांधी मैत्री आणि अलाहाबादची जागा

अमिताभ बच्चन आणि राजीव गांधी यांच्या मैत्रीची परवड कशी झाली, हा विषय निघाला की बोलणे थेट बोफोर्स तोफखरेदीच्या प्रकरणावर येते. माझ्या मते तिची मुळे त्याआधीच्या १९८४ मधील उमेदवारीत शोधायला हवीत, कारण दोन घरांमधला खासगी जिव्हाळा प्रथम तेव्हा मतपेटीशी जोडला गेला.

हा जिव्हाळा अलाहाबादचा. हरिवंशराय बच्चन तेथील विद्यापीठात इंग्रजीचे अध्यापक होते. तेजी बच्चन आणि इंदिरा गांधी यांचा स्नेह होता आणि मुले त्या स्नेहातच वाढली. पुढे हरिवंशराय परराष्ट्र मंत्रालयात हिंदीच्या कामासाठी दिल्लीला आले आणि हे येणे-जाणे आणखी वाढले. १९६८ च्या आरंभी सोनिया इटलीहून भारतात आल्या, तेव्हा २५ फेब्रुवारीच्या विवाहापर्यंत त्यांचा मुक्काम बच्चन कुटुंबाकडेच होता. होणाऱ्या सुनेला ज्या घरी निर्धास्तपणे ठेवावे, ते घर परके नसते. १९८२ मध्ये ‘कुली’च्या चित्रीकरणात अमिताभ जिवावरच्या दुखण्यातून गेले, त्या वेळी पंतप्रधान असलेल्या इंदिराजी मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात त्यांना पाहायला आल्या होत्या.

३१ ऑक्टोबर १९८४ रोजी इंदिराजींची हत्या झाली. धाकटे बंधू संजय यांच्या अपघाती मृत्यूनंतर राजकारणात ओढले गेलेले राजीव पंतप्रधान झाले आणि डिसेंबरमध्ये निवडणूक लागली. विरोधकांतील मातब्बर नेत्यांना त्यांच्याच मतदारसंघात अडकवण्यासाठी काँग्रेसने अनपेक्षित उमेदवार दिले. ग्वाल्हेरला अटलबिहारी वाजपेयींसमोर माधवराव शिंदे उभे राहिले, तर अलाहाबादला उत्तर प्रदेशचे माजी मुख्यमंत्री हेमवतीनंदन बहुगुणा यांच्यासमोर अमिताभ. अमिताभ १ लाख ८७ हजारांहून अधिक मतांनी जिंकले. मित्र संकटात असताना त्याच्या हाकेला ओ देणे माणूस म्हणून समजण्यासारखे आहे. मात्र पंतप्रधानांचा मित्र खासदार झाला की त्याच्यावरचा प्रत्येक आरोप पंतप्रधानांपर्यंत पोहोचतो आणि पंतप्रधानांवरचा प्रत्येक संशय त्याच्यापर्यंत, याचा विचार त्या विजयाच्या भरात झालेला दिसत नाही.

ती वेळ लवकरच आली. १५५ मिमी हॉवित्झर तोफांसाठी स्वीडनच्या बोफोर्स कंपनीशी मार्च १९८६ मध्ये १,४३७ कोटी रुपयांचा करार झाला होता. या व्यवहारात लाच दिली गेल्याचे वृत्त १६ एप्रिल १९८७ रोजी स्वीडिश रेडिओने दिले. त्याच्या काही दिवस आधीच विश्वनाथ प्रताप सिंह संरक्षणमंत्रिपदावरून बाहेर पडले होते, त्यामुळे विरोधाला नेता आयताच मिळाला. अमिताभ यांचे बंधू अजिताभ यांच्या स्वित्झर्लंडमधील घराच्या बातम्यांनी त्यात भर घातली आणि जुलै १९८७ मध्ये अमिताभ यांनी लोकसभेचा राजीनामा दिला. मैत्रीखातर स्वीकारलेली जागा मित्राच्या अडचणीत भर पडू नये म्हणून सोडावी लागली, असेच मी त्याकडे पाहतो. राजकीय किंमत मात्र टळली नाही. १९८८ च्या पोटनिवडणुकीत त्याच अलाहाबादमधून विश्वनाथ प्रताप सिंह निवडून आले आणि पुढच्याच वर्षी राजीव यांना सत्तेवरून दूर करून पंतप्रधान झाले.

२१ मे १९९१ रोजी श्रीपेरुम्बुदूर येथे राजीव यांची हत्या झाली. दोघांमध्ये जे काही बोलून मोकळे व्हायचे राहिले असेल, त्याची संधीही तिथेच संपली. दोन कुटुंबांमधले अंतर त्यानंतर वाढत गेले आणि २००४ मध्ये जया बच्चन समाजवादी पक्षातर्फे राज्यसभेवर गेल्यावर त्याला उघड राजकीय रूप आले. त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने राजीव यांच्यावरील लाचखोरीचे आरोप रद्दबातल ठरवले. बोफोर्सचा तपास केलेले स्वीडनचे माजी पोलीस अधिकारी स्टेन लिंडस्ट्रॉम यांनी २०१२ मध्ये बच्चन यांचे नाव या प्रकरणात मुद्दाम घुसवण्यात आल्याचे सांगितले. तोवर राजीनाम्याला २५ वर्षे होत आली होती.