लिहिणाऱ्या माणसासाठी पेन घेताय? नाव कोरायची घाई नको

दसरा-दिवाळी, २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन आणि निवृत्तीचे समारंभ जवळ आले की आमच्या पेनांच्या दुकानात एकच प्रश्न येतो: "त्यांना लिहायची फार आवड आहे, काय देऊ?" आणि लगेच दुसरं वाक्य: "नाव कोरून द्या, उद्या संध्याकाळी कार्यक्रम आहे." पहिल्या प्रश्नाला आम्ही हवा तेवढा वेळ देतो. दुसऱ्या वाक्यापाशी मात्र थांबायची विनंती करतो, कारण परत येणाऱ्या भेटींचं मूळ बहुतेक तिथेच असतं.

होतं असं. शाईपेन रंगावर आणि डब्यावर पसंत पडतं, नाव कोरलं जातं, समारंभात दिलं जातं. आठवड्याने ते परत येतं: "फार जाड उमटतं", "अक्षर भरून जातं", "कागदावर खरखरतं". पेनात दोष नसतो. निब त्या हाताची नसते. नाव कोरलेलं पेन दुसऱ्या कुणाला विकता येत नाही, म्हणून ते आम्ही बदलून देत नाही. काही पेनांची निब आट्यांची असते, ती फिरवून काढून दुसरी बसवता येते. पण बऱ्याच पेनांत पकडीसकट पुढचा सगळा भाग बदलावा लागतो आणि तो मागवायला दिवस जातात.

मराठी लिहिणाऱ्याच्या बाबतीत निबेची जाडी एवढी नडते, त्यालाही कारण आहे. आपल्या अक्षराला वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार. शिवाय क्ष, ज्ञ, द्ध, ष्ट्य यांच्या पोटात बारीक पोकळ्या. हाताचं अक्षर बारीक असेल तर मीडियम निबेची रेघ त्या पोकळ्या बुजवून टाकते. त्याच निबेने त्याच आकाराचं इंग्रजी अक्षर मात्र सुटसुटीत दिसतं. त्यामुळे परदेशी पेनाची चित्रफीत पाहून "मीडियमच घ्या, ती गुळगुळीत चालते" असं ठरवून येणारे फसतात.

म्हणून पेन बघायला येण्याआधी एक काम करा. ज्यांना भेट द्यायची त्यांनी लिहिलेल्या चार ओळींचा फोटो काढून आणा. किराणा मालाची यादी चालेल, जुनं पत्र चालेल, वहीचं पान तर उत्तमच. शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून सरळ वरून फोटो घ्या, म्हणजे अक्षराचं माप कळतं. शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंतची उंची अडीच मिलिमीटरच्या आत असेल तर आम्ही फाइन किंवा एक्स्ट्रा फाइन सुचवतो. तीन ते चार मिलिमीटर असेल तर मीडियम छान शोभते. ब्रॉड निब सहीसाठी ठीक, पानं भरायला नाही. जपानी कंपन्यांची फाइन निब युरोपीय एक्स्ट्रा फाइनच्या जवळ जाते, त्यामुळे नुसतं "फाइन द्या" म्हणून काम भागत नाही. कोणत्या कंपनीची, हेही बघावं लागतं.

फोटोपेक्षा मूळ कागद मिळाला तर तोच आणा, कारण कागद उलटा करून बोट फिरवलं की हाताचा दाब कळतो. मागे फुगीर रेघा लागल्या तर माणूस दाबून लिहितो, बॉलपेनाची जुनी सवय. अशा हाताला मऊ सोन्याची निब देऊ नका. तिचे दोन दाते फाकतात आणि मग शाई मधोमध पोहोचतच नाही. अशांसाठी ताठ पोलादी निब घ्या, किंवा खुशाल चांगलं जेलपेन द्या. डावखुऱ्या माणसाचा हात नुकत्याच लिहिलेल्या ओळीवरून सरकत जातो, म्हणून त्यांना फाइन निब आणि लवकर सुकणारी शाई. ज्यांची बोटं दुखतात त्यांच्यासाठी पकड जाड आणि पेन हलकं असावं, टोपण न लावता वीस ग्रॅमच्या आत. सोनेरी मुलाम्याचे जड पितळी संच टेबलावर भारदस्त दिसतात, पण सलग चार पानं लिहिणाऱ्याचा हात त्यांनी भरून येतो.

प्रत्येक शाईपेन आम्ही देण्याआधी निब शाईत बुडवून आठ-दहा ओळी लिहून बघतो आणि पाण्याने धुतो. टोपणाच्या आत किंवा निबेखालच्या जिभेच्या खाचांत फिकट निळी छटा दिसली तर ती त्या चाचणीची असते. "वापरलेलं पेन दिलं" अशी तक्रार दर दिवाळीला येते, म्हणून हे इथे छापलं. न तपासलेलं पेन डब्यात बंद करून देणं आम्हाला पटत नाही.

आता नावाविषयी. आमच्याकडे घेतलेल्या पेनासोबत एक कार्ड मिळतं. ते डब्यात ठेवा. भेट मिळालेली व्यक्ती ते घेऊन दोन महिन्यांत दुकानात येते, बसून लिहून बघते. निब जमली तर नाव कोरतो, नाही जमली तर पेन बदलून देतो आणि मग कोरतो. दोन्हींचे वेगळे पैसे नाहीत, फक्त पेन ओरखडा न पडता आलं पाहिजे. समारंभात नाव दिसायलाच हवं असेल तर डब्याच्या आतल्या पट्टीवर कोरून घ्या. ती त्याच दिवशी होते आणि पेन मोकळं राहतं.

कोरायचं नाव शक्यतो हाताने, सुवाच्य लिहून द्या. संगणकावर कऱ्हाडे, गोऱ्हे अशी नावं टंकताना ऱ्ह मोडतो आणि त्या जागी रफार येऊन बसतो. काही टंकांत ल आणि श हिंदी वळणाचे पडतात, ते मराठी डोळ्याला लगेच खटकतं. नमुना आम्ही मोबाइलवर पाठवतो. ऱ्हस्व-दीर्घ नीट बघून "बरोबर" असं उत्तर आल्यावरच यंत्र सुरू होतं, कारण कोरलेलं पुसता येत नाही. तीन मिलिमीटरपेक्षा लहान अक्षर आम्ही कोरत नाही, जोडाक्षरं भरून जातात. त्यामुळे नाव, वडिलांचं नाव, आडनाव आणि तारीख एवढं सगळं टोपणावर बसत नाही. नुसतं नाव किंवा आद्याक्षरं आणि आडनाव सगळ्यात छान दिसतं.

शाईची बाटली सोबत द्याच. नुसतं पेन दिलं तर घरात जी सापडेल ती शाई त्यात जाते, आणि ती चित्रकलेची वॉटरप्रूफ काळी शाई असली तर पेन संपलंच समजा. तिच्यात लाखेसारखा चिकट पदार्थ असतो. तो जिभेच्या केसाएवढ्या खाचांत सुकला की पाण्याने निघत नाही. बाटलीवर "फाउंटन पेन इंक" लिहिलेलं आहे ना, एवढंच बघा. देशी शाई चालते का, असं अनेक जण दबकत विचारतात. उत्तम चालते. दांडेकरांच्या कॅम्लिनची सुरुवातच १९३१ साली मुंबईत शाईची पूड विकण्यापासून झाली. त्यांच्याच कॅमल नावाची रॉयल ब्लू ही नवशिक्यासाठी आमची पहिली शिफारस असते, कारण ती सहज धुऊन निघते. चमकीची शाई पहिल्या भेटीत नको, तिचा कण खाली बसतो आणि बारीक निब अडते.

इबोनाइटचं (म्हणजे कडक केलेल्या रबराचं), ड्रॉपरने शाई भरायचं देशी पेन अलीकडे पुन्हा मागितलं जातं. पोटात थेट शाई भरत असल्याने ती भरपूर मावते आणि लेखक खूश होतो. त्याची एक खोड मात्र आधीच सांगून ठेवा: शाई पाव भागावर आली की हाताच्या उबेने आतली हवा फुगते आणि निबेतून ठिपका पडतो. त्याआधीच पुन्हा भरायची. विमानात नेताना ते काठोकाठ भरलेलं असावं किंवा अगदी रिकामं. परदेशी मुलाकडे नेत असाल तर शाईची बाटली पिशवीत गुंडाळून मोठ्या सामानात ठेवा. हातातल्या सामानात शंभर मिलिलिटरच्या वरची बाटली चालत नाही.

कागदाकडे बहुतेकांचं लक्षच नसतं, खरं तर रोजच्या लिहिणाऱ्याला सगळ्यात जास्त आनंद तिथे मिळतो. वही घेताना दोन ओळींमधलं अंतर मोजा. सहा-सात मिलिमीटरच्या ओळीत वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. मराठीसाठी आठ किंवा नऊ मिलिमीटर घ्या. वही शिवणीच्या बांधणीची असावी, ती पूर्ण उघडून सपाट राहते. नुसत्या गोंदाने चिकटवलेली मधोमध दाबावी लागते आणि काही दिवसांत पानं सुटतात. नुसत्या जीएसएमवर, म्हणजे कागदाच्या दर चौरस मीटरच्या वजनावर, विसंबू नका. सत्तरचा घट्ट कागद शाई धरतो आणि शंभरचा भुसभुशीत कागद ती फोडतो. दुकानात प्रत्येक वहीचं एक पान चाचणीसाठी ठेवलं आहे, त्यावर लिहा आणि पान उलटून मागे शाई उमटली का ते बघा. कोकणात भेट पाठवणार असाल तर वह्या प्लास्टिकच्या वेष्टनातच राहू द्या. पावसाळ्यात ओल धरलेल्या चांगल्या कागदावरही शाई पसरते.

हजार रुपयांच्या आतच बसवायचं असेल तर भपकेदार शाईपेनापेक्षा चार शिवणीच्या वह्या आणि एकाच जातीची बारा जेलपेनं द्या. दोन प्रकारची एकेक पेनं आधी देऊन बघायला सांगा, मग आवडतील ती बारा भरून घ्या. पेनं रिकामी झाली तरी त्याच जातीच्या रिफिल आमच्याकडे मिळतात.

दसऱ्याला आणि लक्ष्मीपूजनाला पेनं पूजेत ठेवतात. टोपण घट्ट लावून मगच हळदकुंकू वाहायला सांगा. निबेच्या चिरेत गेलेलं कुंकू काढायला पेन रात्रभर साध्या पाण्यात ठेवावं लागतं. गरम पाणी नको, इबोनाइटचा रंग उडतो. स्पिरिट तर मुळीच नको, ॲक्रिलिकला तडे जातात. घरी ठेवूनही शाई आली नाही तर ओढाताण न करता पेन तसंच आणा. आमच्याकडून घेतलेल्या पेनाची पहिली सफाई फुकट आहे. सणाच्या आधीच्या आठ दिवसांत मात्र कोरण्याचं आणि सफाईचं काम घेत नाही, तेव्हा कार्ड असलेल्यांनी तो आठवडा टाळून यावं.