लेन्स कितीची, यापेक्षा ती कुठे बसली?

दादरच्या मावशीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं तेव्हा घरात चर्चा एकच: लेन्स देशी की इंपोर्टेड, आणि कितीची? मोजमापाच्या दिवशी मशीनवर हनुवटी टेकवून मावशी सारखी पापण्या मिटायची. तपासणाऱ्या मुलीने थेंब घालून तिसऱ्यांदा रीडिंग घेतलं, तशी मावशी वैतागली. खरी मेख तर तिथेच होती, कारण लेन्सची ताकद याच मोजमापावरून ठरते.

डोळ्याची लांबी साधारण 23-24 मिलिमीटर. ती मोजताना 1 मिलिमीटरची गफलत झाली, की नंबर अडीच-तीनने चुकलाच. डोळा कोरडा असेल तर कॉर्नियाची, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची गोलाई चुकीची मोजली जाते. 1949 साली लंडनमध्ये हॅरॉल्ड रिडली यांनी पहिली कृत्रिम लेन्स बसवली. ऑपरेशन पार पडलं, पण लेन्सची ताकद प्रमाणाबाहेर निघाली आणि पेशंटला मायनसचा जबर नंबर लागला.

आकडा बरोबर आला तरी लेन्स नेमकी कुठे स्थिरावेल हे आधी पक्कं सांगता येत नाही. ती नैसर्गिक भिंगाच्या रिकाम्या पिशवीत बसते. जखम भरताना ही पिशवी आक्रसते. लेन्स जरा पुढे-मागे सरकली तरी नंबर बदलतो, कलली तर प्रतिमा बिघडते. सिलिंडर नंबरासाठीच्या, म्हणजे कॉर्नियाची गोलाई सगळीकडे सारखी नसल्याने लागणाऱ्या नंबरासाठीच्या टोरिक लेन्सचं तर विचारूच नका. ती 1 अंश फिरली की सुमारे 3 टक्के परिणाम वाया. घड्याळावरच्या एका तासाएवढी, म्हणजे 30 अंश फिरली, तर सिलिंडर होता तेवढाच उरतो, फक्त त्याचा अक्ष बदलतो.

मल्टिफोकल लेन्स लांबचं आणि जवळचं दोन्ही दाखवते, पण त्यासाठी आत येणारा उजेड वाटून टाकते. मग कॉन्ट्रास्ट घटतो आणि रात्री दिव्यांभोवती कडी दिसू शकतात. चष्मा सुटतो हे खरं, पण जाहिरातीत ही कडी कुठे दिसतात? मावशी रात्री शिवाजी मंदिरातून नाटक पाहून एकटी परतणारी, समोरून गाड्यांचे हेडलाइट. तिने साधी मोनोफोकल, म्हणजे एकाच अंतराचं स्पष्ट दाखवणारी लेन्स घेतली.

पुढे कधी नजर पुन्हा धूसर झाली तर लोक म्हणतात, ‘मोतीबिंदू परत आला.’ तो येत नाही. लेन्समागची पिशवी गढुळते. लेन्सची कड गोलसर नसून काटकोनी असेल तर पिशवीत उरलेल्या भिंगाच्या पेशी मागे सरकायला अडखळतात. तरीही गढूळपणा आलाच, तर लेसरने काही मिनिटांत वाट मोकळी होते.

मावशी आता गॅलरीतून बसचा नंबर वाचते. शब्दकोड्याला चष्मा लागतोच, आणि तो शोधायला आम्ही.